खालच्या दोरीखालून

२८ डिसेंबर

ही वही मुष्टियुद्धाच्या तालमीतल्या पोरांच्या वजनांची. पुढून त्यांची वजनं, मागून माझी मळमळ. माझे क्रू, म्हणजे गुरू, क्रू पेनही असंच करायचे. ते गेल्यावर त्यांच्या वहीची मागची पानं वाचून मी पोट धरून हसलो होतो. माझ्यामागे कोण हसेल ते बघायला मी नसेन, बरंच आहे.

आज सरावात योतला कोपर लागलं आणि तो रिंगणात उताणा पडला. दातांवरचं रबर घशात अडकलं. तोंड जांभळं पडलं, टाचा आपटायला लागला. मी रिंगणातच, त्याच्यापासून चार हातांवर, दोन्ही हातांना पॅड बांधलेले, आणि पाय जागचे हलेनात. फांग बाहेर दोरीवरच्या उड्या मारत होती. तिनं हातातली दोरी टाकली आणि रिंगणाच्या वरच्या दोरीवरून आत उडी घेतली. योतला कुशीवर वळवलं, घशात दोन बोटं घातली, रबर ओढून काढलं. पाच मिनिटांनी योत उठून पाणी प्यायला.

त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे वरच्या दोरीकडे बघत होते.

पुरुष रिंगणात वरच्या दोरीवरून जातो, बाई खालच्या दोरीखालून. आमच्या रिंगणाखाली क्रू पेननी स्वतःच्या हातानं ताईत पुरलेत. बाई वरून गेली की त्यांची ताकद नासते, हे सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहे. फांग तर माझी मुलगी, एकोणीस वर्षांची, नवव्या वर्षापासून याच रिंगणात लढायला शिकलेली. बाहेरची कुणी असती तर पोरांनी शिव्या घातल्या असत्या. माझी म्हणून गप्प बसली, ते जास्त झोंबलं.

जेवताना विचारलं, खालून गेली असतीस तर काय बिघडलं असतं? ती चिकट भाताचा गोळा वळत म्हणाली, "खालून जायला वेळ लागतो, बाबा. पाठ घासते."

तालमीत ती मला क्रू म्हणते, घरी बाबा. दोन्हीकडे उलट उत्तर देते.

९ जानेवारी

लिहायचीही किळस येते, पण लिहितो. सकाळी अंघोळ करताना डाव्या बोंडीखाली गाठ लागली. सुपारीएवढी, हलणारी. दाबली तर कळ पार दाढेपर्यंत गेली. उजवीकडेही आहे, जरा लहान. रांजणावर वाकलो तर पाण्यात माझी छाती लोंबताना दिसली. याआधी लोंबत नव्हती असं नाही. चौऱ्याण्णव किलोचा माणूस आहे मी, सत्तावन्न किलोवर लढायचो त्याला वीस वर्षं झाली. पण ती चरबी होती. हे काहीतरी वेगळं आहे. याला आकार आहे.

गवती चहाच्या झुडपाआड जाऊन ओकलो. बायकोला, बुआखामला, सांगितलं, कालचं कच्चं मांस बाधलं. ती म्हणाली, कच्चं मांस तीस वर्षं खाताय, ते आजच कसं रुसलं.

दिवसभर डोक्यात एकच. बारा दिवसांपूर्वी रिंगणावरून बाई गेली, आणि रिंगणाच्या मालकाच्या अंगावर बाई उगवायला लागली. यात न समजण्यासारखं काय आहे?

१५ जानेवारी

सोमवार, इंजेक्शनचा दिवस. कामोनच्या दुकानामागच्या खोलीत पालथा पडलो. कामोन आणि मी एकाच वर्षी क्रू पेनच्या तालमीत आलो. तो एकवीस लढती लढला आणि शहाणा होऊन औषधाचं दुकान टाकलं. नोव्हेंबरपासून तोच टोचतो. पंचेचाळिशीनंतर अंगातला पुरुष आटत जातो, तो वरून भरावा लागतो, असं त्याचं म्हणणं. पहिला महिना खरंच अंगात वीज खेळत होती. पोरांना पॅडवर दहा दहा फेऱ्या घ्यायचो आणि बुआखाम माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसायची.

गाठींचं त्याला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की हल्ली पुरुष कमी पडतोय. तो म्हणाला, "कमी पडतोय ना? मग जास्त घालू. आठवड्याला दोन."

मीही तोच हिशेब केला होता. अंगात बाई वाढतेय, तर पुरुष दुप्पट ओतायचा. ती कुठे जाईल? बाहेरच पडेल.

२३ जानेवारी

गुरुवंदनेचा दिवस ठरला. गुरुवार, १४ मार्च, देवळाच्या पटांगणात, सहा तालमींची पोरं आणि सहा तालमींचे क्रू. प्रत्येक क्रूनं कमरेवरचे कपडे उतरवायचे, अंगाला तेल चोळायचं, रिंगणात जाऊन गुरूचं नृत्य करायचं. मग सगळ्यांत वडील क्रू सिंग क्रू पेनचं मोंखोन माझ्या हाती देणार. लढतीआधी पोरांच्या डोक्यावर चढवायचं ते पवित्र कडं. दोन वर्षं ते खुंटीवर आहे आणि मी ते उसनं वापरतो. त्या दिवशी माझं होईल. त्याच दुपारी फांगची खोराटच्या मुलीशी लढत आहे. जी जिंकेल ती बँकॉकला जाईल.

उघड्या अंगानं. सहा तालमींसमोर.

घरी आल्यावर पोरांच्या हाताच्या पट्ट्यांमधल्या दोन लांब पट्ट्या उचलल्या आणि सदऱ्याखाली छातीवर आवळून बांधल्या. कुणाच्या होत्या कोण जाणे, धुतलेल्या नव्हत्या. दहा पोरांचा घाम, अंगाला चोळायचं औषधी तेल आणि आता माझा घाम. संध्याकाळी सोडल्या तेव्हा चामडी लाल, ओली, सुरकुतलेली, आणि वास असा की डबक्यातला कुजका मासा बरा.

२ फेब्रुवारी

रिंगण शुद्ध करून घेतलं. टेकडीवरच्या मठातले महाराज आले, मंत्र म्हटले, पाणी शिंपडलं. पोरं गुडघ्यावर. फांगला मी घरी थांबायला सांगितलं होतं. ती थांबली, दुसरं करणार काय.

महाराज चांगले गलेलठ्ठ आहेत. एक खांदा उघडा, वस्त्र सरकलं तर छाती माझ्यासारखीच, किंबहुना जास्तच ओघळलेली. बोलता बोलता ते ती खाजवत होते, जसं काही गुडघाच खाजवतायत. मी नजर फिरवली. त्यांनी विचारलं, मुलीनं त्या पोराला वाचवलं म्हणतात, ती कुठे आहे? तिच्या मनगटाला दोरा बांधायचा राहिला. मी म्हटलं, तिला ताप आहे.

योत पटकन म्हणाला, ताप कुठे, आत्ता तर विहिरीवर दिसली. मूर्ख आहे तो. गिळू द्यायला हवं होतं रबर.

हे खोडावं का? राहू दे. असं मनात आलं, हे खरं आहे.

९ फेब्रुवारी

सत्त्याण्णव किलो. पाठीवर पुटकुळ्या, पिकलेल्या. गाठी आता लिंबाएवढ्या, नुसता सदरा घासला तरी आग होते. शुद्धीकरणानं काही फरक नाही. कामोन म्हणतो, दम धर, अजून थोडं वाढवू.

काल टीव्हीवर कुठल्याशा विम्याच्या जाहिरातीत म्हातारा मुलाची वाट बघत बसतो, ते बघून मला रडू आलं. मोठ्यानं. बुआखाम भाजी निवडत होती, तिनं वर पाहिलं आणि परत खाली पाहिलं. सासू वारली तेव्हा हा माणूस कोरडा उभा होता, असं तिच्या मनात आलं असणार.

माझी मलाच शिसारी येते. पाठीवर निजता येत नाही आणि पोटावर तर नाहीच.

१३ फेब्रुवारी

तिला कळलंय.

सकाळी पिशवीत पॅड ठेवायला हात घातला तर आत एक नवी करकरीत, जाड लवचीक कापडाची चोळी. लढणाऱ्या मुली छाती आवळायला घालतात ती. फांग घालते तसलीच, पण माझ्या मापाची. कुठून तरी मुद्दाम मागवलेली. सोबत घामोळ्यांची पावडर. चिठ्ठी नाही.

माझ्या कानांत आग पेटली. सगळ्या पोरांदेखत तिला रिंगणाजवळ बोलावलं. चोळीबद्दल कसं बोलणार? म्हणून रिंगणाबद्दल बोललो. तू वरून गेलीस, तुझ्यामुळे हे रिंगण विटाळलं, तुझ्यामुळे तालमीवर संकट आलंय, महाराजांच्या पाण्यानंही जात नाही. आजपासून इथे यायचं नाही. चौदा मार्चला या तालमीच्या नावानं लढायचं नाही.

ती हाताच्या पट्ट्या सोडत उभी राहिली, सावकाश, नेहमीसारखी गुंडाळी करत. मग एवढंच म्हणाली, "पट्ट्या घाण झाल्या की कातडी कुजते. म्हणून दिली होती." आणि गुंडाळ्या खुंटीला लावून, मला वाकून नमस्कार करून गेली. म्हणाली, "येते, क्रू."

चोळी मी चुलीत घातली. रबर जळल्याचा वास अजून जात नाही.

१६ फेब्रुवारी

फांग मावशीकडे राहते. आंब्याला पोतं टांगून सराव करते म्हणे. बुआखाम जेवण वाढते, ताट ठेवते आणि बाहेर जाऊन बसते. काल विचारलं, रिंगणाच्या कोपऱ्यात तिच्याबरोबर कोण असणार लढतीच्या दिवशी? म्हणाली, मी. मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं. म्हणाली, पाणी द्यायचं आणि लेकीकडे बघायचं, एवढं कळतं.

२१ फेब्रुवारी

दोन दिवस ताप. शेवटचं इंजेक्शन जिथे टोचलं तिथे कुल्ल्यावर गळू झालं, मुठीएवढं, गरम. बुआखामनं विचारलंच नाही, गाडीत घातलं आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर ओराथाय तिशीची बाई. गळू फोडलं. पू वाहिला तो वाटीभर, पिवळा-हिरवा, आणि वास खोलीभर. नर्सनं खिडकी उघडली. मला वाटलं आता याहून खाली जायला जागा नाही. मग डॉक्टर म्हणाली, सदरा काढा, छाती ऐकायचीय.

मी नाही म्हटलं. बुआखामनं बटणं सोडली. पट्ट्या बघून ती थबकली, मग तिनं त्याही सोडल्या, एकेक वेढा, जखमेवरची पट्टी काढावी तशा. तिला आधीपासून ठाऊक होतं. धुण्यात पट्ट्या कमी यायच्या म्हणे.

डॉक्टरनं गाठी चाचपल्या, विचारलं काय टोचून घेता, किती दिवस. सांगितलं. आणि मग बाकीचंही सांगून टाकलं, रिंगण, उडी, सगळं. म्हणालो, बाई वरून गेली म्हणून हे झालं आणि म्हणून मी पुरुषाची इंजेक्शनं दुप्पट केली, तरी हटत नाही.

ती हसली नाही. हसली असती तर उठून गेलो असतो. म्हणाली, "क्रू, हे बाहेरून नाही आलं. तुम्ही टोचून घेताय त्याचंच झालंय."

तिनं समजावलं ते असं. पुरुषाच्या अंगातला पुरुषी रस, टेस्टोस्टेरॉन, त्यातल्या थोड्याचं अंगातच बायकी रसात, इस्ट्रोजेनमध्ये, रूपांतर होतं. प्रत्येक पुरुषात होतं. ते करणारा एक पदार्थ शरीरात असतो आणि तो चरबीत भरपूर असतो. माझ्या पोटावर चरबीची खाण आहे. त्यात मी दर आठवड्याला वरून पुरुषी रस ओतत होतो. जितका जास्त ओतला, तितका जास्त बदलला. शिवाय रोजच्या दारूनं यकृत दमलेलं, त्यामुळे तो बायकी रस अंगातून लवकर निघतही नाही.

मला अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं. बुआखाम सणाला घरीच तांदळाची दारू करते. ती म्हणाली, "म्हणजे खमिराच्या गोळीसारखं. मडक्यात भात घालायचा, वर गोळी चुरायची, त्याची दारू होते."

डॉक्टर म्हणाली, अगदी तसंच.

"आणि हे गोळ्यांनी भरलेल्या मडक्यात वरून भात ओतत बसले. दारू का वाढतेय म्हणून अजून भात." बुआखाम माझ्याकडे बघत होती. "आणि मडकं कुणी विटाळलं, तर माझ्या लेकीनं."

डॉक्टरनं कागदावर लिहिलं: इंजेक्शनं बंद, दारू बंद, वजन कमी. अंगानं स्वतःचा रस करणं बंद केलंय, ते परत सुरू व्हायला महिने लागतील, तोवर अंगात त्राण वाटणार नाही, रक्त तपासायला यायचं. गाठी ताज्या आहेत, उतरतील कदाचित. नाही उतरल्या तर छोटी शस्त्रक्रिया.

निघताना मी विचारलं, हे जे होतं ते लढणाऱ्या पुरुषांतही? ऐन जवानीत?

"तेव्हा तर हवंच. पुरुषाचं हाडही त्या बायकी रसानंच घट्ट राहतं. तो नसता तर तुमची नडगी विशीतच मोडली असती."

२२ फेब्रुवारी

दोनशे चौदा लढती. दोनशे चौदा वेळा वरच्या दोरीवरून गेलो, आणि दर वेळी ते बाईपण माझ्या हाडांत होतं. क्रू पेनच्या हाडांत होतं. ताईत पुरताना त्यांच्या बोटांत होतं.

मळमळतंय. पण आज गाठींमुळे नाही.

१ मार्च

कामोनकडे गेलो, त्याचं थोबाड फोडायला. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून थांबलो. मग त्यानं मला मागच्या खोलीत नेलं आणि मी काही बोलायच्या आत सदरा वर केला. दोन्ही बोंडींखाली चंद्रकोरीसारखे पांढरे व्रण.

"सहा वर्षं झाली. शहरात जाऊन काढून घेतल्या. जास्त भरलं की होतं, माहीत होतं मला." तो सदरा खोचत होता. "मी तुला बोलावलं नव्हतं, हान. तू आलास. सगळेच येतात. या जिल्ह्यातले तीन क्रू माझ्याकडे येतात, नावं ऐकायचीत?"

मी म्हटलं, मग मला दुप्पट का केलीस?

म्हणाला, तू मागितलीस. पुढे म्हणाला की इंजेक्शनबरोबर घ्यायची एक गोळी असते, अंगातलं ते रूपांतर थांबवणारी, ती त्याच्याकडे आहे. आता घ्यायला हरकत नाही. आणि कपाटाकडे वळला. गोळी काढायला. माझ्यासमोर.

मारलं नाही. हात लावायचीच किळस आली. त्याची नव्हे फक्त, आमची सगळ्यांची. छात्या कापून घेतो, तेल लावून चमकवतो आणि पोरींना सांगतो खालून जा.

१० मार्च

ब्याण्णव किलो. अंगात काही उरलेलं नाही, चार पायऱ्या चढलो की धाप लागते. मावशीच्या आंब्याखाली गेलो. फांग पोत्यावर गुडघे मारत होती. पाठमोरी होती, सदरा वर सरकला होता. पाठीच्या कण्यावर एक पट्टा आहे तिच्या, कातडी कडक, काळपट, ठिकठिकाणी सोललेली. पूर्वी बुआखाम तिच्या पाठीला बाम चोळायची तेव्हा मला वाटायचं लाथा लागल्यात. लाथ बसून असा सरळ पट्टा पडत नाही. तो दोरीचा आहे. दहा वर्षांचा.

तिला सांगायला शब्द घोकून गेलो होतो. तोंडातून निघालं, "उजवं कोपर उघडं पडतंय."

"बरं, क्रू," ती म्हणाली आणि कोपर आत घेतलं.

मी परत आलो. वाटेत हिशेब करत होतो. नियम खरा असेल तर मी तीस वर्षं चुकीच्या दोरीवरून गेलो. खोटा असेल तर पोरीची पाठ दहा वर्षं उगाच सोलली. तिसरं काही सुचलं नाही.

१४ मार्च

निकाल आधी. फांग, एक्कावन्न किलो, पाच फेऱ्या, गुणांवर जिंकली. मोंखोन मला मिळालं नाही. क्रू सिंग म्हणाले, खालून आलेल्या माणसाच्या हाती ते कसं द्यायचं, पुढच्या वर्षी बघू. बघा म्हटलं.

आता कसं झालं ते. दुपारी दोनला सहाही क्रूंना रिंगणाजवळ बोलावलं. पटांगण भरलेलं, उकाडा, तेलाचा आणि भाजलेल्या मासळीचा वास. बाकीच्यांनी सदरे काढले. मी त्यांच्या छात्यांकडे बघितलं, आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं. एकाची माझ्यासारखी. एकाची ओघळलेली. आणि क्रू सिंगचा पुतण्या, माझ्यानंतर ज्याला मोंखोन मिळायचं बोललं जातं, त्याच्या बोंडींखाली तेल चमकत होतं आणि तेलाखाली दोन चंद्रकोरी.

मीही काढला सदरा. पट्ट्या बांधल्याच नव्हत्या. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली, कुणीतरी ओरडला की क्रू हानला मुलींच्या गटात घाला. बरीच हसली माणसं. योत हसणाऱ्यांवर धावून गेला, त्याला पोरांनी धरलं. माझं तोंड तापलं होतं. तेल चोळताना हात गाठींवरून गेला तेव्हा वाटलं, पळून जावं.

रिंगणाच्या चार पायऱ्या चढलो. इथे हात वरच्या दोरीवर ठेवायचा, पाय टाकायचा, आत. डोळे झाकून येतं मला ते. हात ठेवला. पायऱ्यांच्या उजव्या अंगाला, जिथे बाया उभ्या राहतात, बुआखाम पाण्याची बादली घेऊन उभी होती आणि तिच्या शेजारी फांग, हाताला पट्ट्या बांधलेली, कुठल्याच तालमीचं नाव नसलेला अंगरखा घातलेली. ती माझ्या छातीकडे बघत नव्हती. हाताकडे बघत होती.

मी वरच्या दोरीवरून हात काढला आणि गुडघ्यावर बसलो.

कर्ण्यातून क्रू सिंग म्हणाले, हान, काय करतोयस, वरून ये. मी खालच्या दोरीखाली डोकं घातलं. लाकडी फळीला घामाचा आणि जुन्या रक्ताचा वास होता. खांदे गेले. पोट फळीवर दाबलं गेलं, गाठी घासल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि मी अडकलो. ब्याण्णव किलोचा माणूस, अर्धा आत, अर्धा बाहेर, सहा तालमींसमोर. दोरी कण्यावर रुतून बसली होती. कातडी सोलल्याचं कळत होतं. आता हसतील म्हणून वाट बघत होतो.

शेजारी कुणीतरी पायऱ्या चढून आलं. पट्ट्या बांधलेला एक हात माझ्या पाठीवर, दोरीच्या बरोबर खाली, पालथा पडला आणि त्यानं दोरी उचलून धरली.

"अजून वाका, बाबा," फांग म्हणाली. "पाठ घासते."